स्क्रीन स्वतःबद्दल काय सांगते ते आधी वाचा: ईडीआयडी काढणं, समजणं आणि दुरुस्त करणं

नवा ४के टीव्ही कॉम्प्युटरला जोडला आणि सेटिंगमध्ये बघतो तर १९२० बाय १०८० च्या वर काहीच नाही, आणि आवाज तर मुळातच गायब. दोन दिवस ड्रायव्हर काढ-घाल केले, केबल दोनदा बदलली, शेवटी वैतागून विंडोजसुद्धा परत टाकलं. दोष यातल्या एकाचाही नव्हता. दोष मधल्या एका छोट्या डब्याचा, म्हणजे एकच चित्र दोन स्क्रीनला वाटणाऱ्या स्प्लिटरचा होता आणि तो दहा मिनिटांत, फुकटात सापडण्यासारखा होता, फक्त कुठे बघायचं ते मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असावं म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

आधी जरा समजून घ्या, नक्की घडतं काय

केबल खोचली की लगेच चित्र सुरू होत नाही. आधी कॉम्प्युटर (किंवा गेमिंग कन्सोल, सेट-टॉप बॉक्स, जे काही चित्र पाठवणारं असेल ते, त्याला सोर्स म्हणू) केबलमधल्या एका पिनवर ५ व्होल्ट देतो. ते मिळाले की स्क्रीन हॉट प्लग डिटेक्ट नावाची तार वर करते, म्हणजे 'मी इथे आहे'. मग सोर्स दोन बारीक तारांवरून स्क्रीनमधली छोटीशी मेमरी वाचतो. या तारांना डीडीसी म्हणतात आणि मेमरीत जो मजकूर असतो तो ईडीआयडी, बोलताना बरेच जण नुसतं 'एडिड' म्हणतात. हे व्हेसा या संस्थेचं मानक आहे, १९९४ पासूनचं. मूळ भाग फक्त १२८ बाइट, आणि आजच्या टीव्हीत त्याला आणखी १२८ बाइटची एक तरी पुरवणी जोडलेली असते.

एचडीएमआयमध्ये पिन १५ आणि १६ या वाचायच्या तारा, १८ वर ५ व्होल्ट, १९ वर हॉट प्लग. व्हीजीएमध्ये वाचायच्या तारा १२ आणि १५. डिस्प्लेपोर्टमध्ये या कामाला ऑक्स नावाची वेगळी वाहिनी असते, पण वाचायचा मजकूर तोच. ५ व्होल्ट सोर्सकडून येतात म्हणून कित्येक स्क्रीन बंद असतानाही त्यांचा ईडीआयडी वाचता येतो.

यातली कळीची गोष्ट अशी की सोर्सला तुमची स्क्रीन दिसत नाही, त्याच्या हातात फक्त ही चिठ्ठी पडते. चिठ्ठीत ४के लिहिलंय तर तो ४के देणार, नाही लिहिलं तर समोर भिंतीएवढी स्क्रीन असली तरी त्याला पत्ता नाही. आणि ती चिठ्ठी वाटेतल्या कुणी बदलली तर तेही त्याला कळत नाही.

काय काय लागेल

- सोर्सपासून थेट स्क्रीनपर्यंत पोहोचेल अशी एक केबल, मधे काहीही न जोडता. लांबीला कमी असेल तर उत्तम.
- विंडोज असेल तर कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, लोक सीआरयू म्हणतात, ईडीआयडी बघायला-बदलायला, फुकट आहे. लिनक्स असेल तर एडिड-डिकोड, ते ईडीआयडी उलगडून दाखवतं.
- लिनक्स नसेल तर पेनड्राइव्हवरून चालणारं लाइव्ह लिनक्स. विंडोज पुसायची गरज नाही, काम झालं की पेनड्राइव्ह काढा आणि रीस्टार्ट करा.
- स्क्रीनचं मॅन्युअल, त्यातलं पोर्टची माहिती असलेलं पान. तेवढंच लागतं.
- कागद-पेन. हसू नका, कुठल्या पोर्टला काय लावलं होतं हे तिसऱ्या प्रयोगानंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

पायरी १: मधलं सगळं काढा

स्प्लिटर, स्विच, एव्ही रिसीव्हर, साउंडबार, केव्हीएम (एकाच कीबोर्ड-माउस-मॉनिटरवर अनेक कॉम्प्युटर चालवायचा स्विच), कन्व्हर्टर, एक्स्टेंडर, जे असेल ते बाजूला ठेवा आणि सोर्स थेट स्क्रीनला जोडा. थेट जोडल्यावर सगळं नीट चाललं तर निम्मं काम झालं, गुन्हेगार मधल्यांपैकीच कुणीतरी आहे. मी ही पायरी सोडली होती कारण 'तो डबा तर नुसतं सिग्नल वाटतो, त्याचा काय संबंध' असं वाटलं. संबंध असतो. स्प्लिटरला एका सोर्सपुढे दोन स्क्रीनच्या वतीने एकच चिठ्ठी द्यायची असते, मग काही डबे दोन्हींना जमेल असं सगळ्यात खालचं काहीतरी काढतात, काही सरळ पहिल्या पोर्टवरच्या स्क्रीनची चिठ्ठी पुढे ढकलतात, आणि काही आपल्याच पोटातली तयार चिठ्ठी देतात.

पायरी २: आत्ता नक्की काय सिग्नल जातोय ते बघा

विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमधलं ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे दोन आकडे असतात, एक डेस्कटॉपचा आणि एक प्रत्यक्ष सिग्नलचा. हे दोन वेगळे असू शकतात आणि इथेच पुष्कळ लोक फसतात, कारण डेस्कटॉप १०८०पी असतो, ग्राफिक्स कार्ड तो ताणून ४के करून पाठवतं, आणि आपण अक्षरं धुरकट म्हणून स्क्रीनला शिव्या घालतो. रिफ्रेश रेट, रंगाचे बिट आणि रंगाचं स्वरूप (आरजीबी की वायसीबीसीआर) हेही लिहून ठेवा, पुढे लागेल.

पायरी ३: ईडीआयडी फाइलमध्ये काढा

लिनक्समध्ये सिस फोल्डरच्या आत क्लास, त्याच्या आत डीआरएम असं फोल्डर आहे, तिथे प्रत्येक पोर्टच्या नावाचं एक फोल्डर मिळेल आणि त्यात एडिड नावाची फाइल. एक गंमत म्हणजे यादीत तिचा आकार शून्य दिसतो, त्यामुळे नवखे लोक लगेच 'रिकामी आहे' म्हणून सोडून देतात. यादीवर जाऊ नका, डब्ल्यूसी कमांडने बाइट मोजा. १२८, २५६ किंवा ३८४ आलं तर माल आत आहे. खरोखर शून्य आलं तर सोर्सला चिठ्ठी मिळालेलीच नाही, मग केबल, पोर्ट किंवा स्क्रीनची मेमरी यांच्यावर संशय घ्या. माल असेल तर ती फाइल कॅट कमांडने दुसरीकडे उतरवून घ्या आणि एडिड-डिकोडला द्या.

विंडोजमध्ये सीआरयू उघडून वरच्या यादीतून स्क्रीन निवडा आणि एक्स्पोर्ट करा. सावध राहा, त्या यादीत पूर्वी कधीतरी जोडलेल्या स्क्रीनसुद्धा असतात, चालू असलेल्या स्क्रीनसमोर ॲक्टिव्ह लिहिलेलं असतं. मी एकदा अर्धा तास एका अशा मॉनिटरचा ईडीआयडी वाचत बसलो होतो जो तेव्हा टेबलवरसुद्धा नव्हता.

एक फाइल थेट जोडून काढा आणि एक मधला डबा लावून. नावं नीट द्या, 'थेट' आणि 'डब्यातून' अशी.

पायरी ४: पहिले १२८ बाइट वाचा

टूल सगळं उलगडून देतं, पण कुठे काय आहे हे माहीत असलं की नजर पटकन योग्य जागी जाते.

पहिले आठ बाइट ठरलेले असतात, शून्य, मग सहा वेळा एफएफ (म्हणजे २५५, हेक्स पद्धतीत लिहिलेला), मग परत शून्य. हे नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही, मजकूर वाटेत खराब झालाय. शेवटचा बाइट हा चेकसमचा, म्हणजे मजकूर शाबूत आहे ना याच्या पडताळणीचा, सगळ्या १२८ बाइटची बेरीज २५६ ने भागली तर बाकी शून्य उरली पाहिजे.

त्यानंतर बनवणाऱ्याची तीन अक्षरं येतात. डेलचं डीईएल, सॅमसंगचं एसएएम. एलजीच्या मॉनिटरवर जीएसएम दिसतं, त्याचा मोबाइलशी काही संबंध नाही, ते कंपनीच्या जुन्या गोल्डस्टार नावाचं आहे. मग मॉडेल कोड, मग सीरियल नंबर. सीरियलच्या जागी १६८४३००९ असा आकडा दिसला तर खूश होऊ नका, तो चार वेळा ०१ असा भरून टाकलेला बाइट आहे, खरा नंबर नाही. एकसारखे दोन मॉनिटर घेतले आणि दर रीस्टार्टला डावा-उजवा बदलतो अशी तक्रार असेल तर बऱ्याचदा मूळ इथेच असतं, दोघांचं ओळखपत्र एकच मग सिस्टिम तरी काय करणार.

बनवल्याचं वर्ष १९९० पासून मोजलेलं असतं, म्हणजे बाइटमध्ये ३३ असेल तर २०२३. सेकंडहँड मॉनिटर घेणाऱ्यांनी हे जरूर बघा.

मग स्क्रीनची लांबी-रुंदी, सेंटिमीटरमध्ये. यात एक मजेशीर सापळा आहे. काही टीव्ही खरं माप देण्याऐवजी नुसतं गुणोत्तर भरून ठेवतात, १६ बाय ९, किंवा सविस्तर नोंदीत, जिथे माप मिलिमीटरमध्ये असतं, १६० बाय ९०. आता सिस्टिमने ते खरं मानलं तर तिच्या हिशोबाने तुमचा टीव्ही मोबाइलएवढा झाला, आणि अक्षरं राक्षसी आकाराची दिसायला लागतात. असं झालं तर स्केलिंग हाताने ठरवा आणि पुढे जा, ड्रायव्हरच्या मागे लागू नका.

मोडची (म्हणजे रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटच्या जोड्यांची) यादी तीन तुकड्यांत असते, जुने ठराविक मोड, आठ आटोपशीर नोंदी आणि १८ बाइटच्या चार सविस्तर नोंदी. आटोपशीर नोंदीत रुंदी ८ च्या पटीतच लिहिता येते, म्हणून १३६६ रुंदीच्या स्क्रीन तिथे बसतच नाहीत (१३६६ ला ८ ने भागून बघा) आणि काही ठिकाणी १३६० किंवा १३६८ असं चमत्कारिक काहीतरी दिसतं. सविस्तर चारांपैकी पहिली नोंद सगळ्यात महत्त्वाची, ती स्क्रीनचा आवडता मोड, सोर्स शक्यतो तोच उचलतो. तिथे पिक्सेल क्लॉकही असतो, म्हणजे सेकंदाला किती पिक्सेल पाठवायचे तो आकडा. १०८०पी ६० हर्ट्झला तो १४८.५ मेगाहर्ट्झ, ४के ६० ला ५९४. हे आकडे कुठून आले असं वाटत असेल तर, दिसणाऱ्या चित्राच्या भोवती न दिसणारी मोकळी जागाही पाठवावी लागते, ती धरून १०८०पीचं चित्र २२०० बाय ११२५ चं होतं, गुणिले ६०.

उरलेल्या नोंदींत बहुधा स्क्रीनचं नाव असतं. माझ्या 'डब्यातून' फाइलमध्ये हे नाव वाचलं आणि मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो, कारण तिथे टीव्हीचं नाव नव्हतंच, तिथे माझ्या जुन्या प्रोजेक्टरचं नाव होतं! डब्याच्या पहिल्या पोर्टला प्रोजेक्टर होता, डबा त्याचीच चिठ्ठी पुढे करत होता, आणि कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिकपणे प्रोजेक्टरला झेपेल तेवढंच पाठवत होता. म्हणून मी आता इतरांना सांगतो की बाकी काही कळलं नाही तरी चालेल, नाव तेवढं बघा.

पायरी ५: पुरवणी वाचा, आवाज आणि ४केची खरी भानगड इथे आहे

बाइट १२६ मध्ये (मोजणी शून्यापासून) किती पुरवण्या आहेत ते लिहिलेलं असतं. टीव्हीसाठीची पुरवणी सीटीए-८६१ या मानकाची असते. तिच्यात मोड क्रमांकाने दिलेले असतात, १६ म्हणजे १०८०पी ६०, ९५ म्हणजे ४के ३०, ९७ म्हणजे ४के ६०. आवाजाचे कोणकोणते प्रकार चालतात, किती चॅनेल, हेही तिथेच. एचडीआरचीही नोंद तिथेच.

आवाज येत नसेल तर हे दोन ठिकाणी तपासा. एक, आवाजाची नोंद आहे का. दोन, एचडीएमआयची ओळख सांगणारी नोंद आहे का. ही दुसरी नसेल तर सोर्स समोरच्याला डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीची, मुळात फक्त चित्रासाठीची जोडणी) समजतो आणि आवाज पाठवतच नाही, केबल एचडीएमआयची का असेना. माझा प्रोजेक्टर डीव्हीआयवाला होता, त्यामुळे टीव्हीचा आवाज गेला होता. सगळं कोडं एका नोंदीत सुटलं.

४के फक्त ३० हर्ट्झला मिळत असेल तर कमाल क्लॉकचा आकडा बघा. ३४० मेगाहर्ट्झपर्यंतचीच नोंद असेल तर ५९४ त्यात कसं बसणार, ४के ३० चं २९७ तेवढं बसतं. ६०० पर्यंत जायला एचडीएमआय फोरमची वेगळी नोंद असावी लागते. अशा वेळी काही स्क्रीन ४के ६० देतात पण ४:२:० या स्वरूपात, म्हणजे रंगाची माहिती चौपट विरळ करून, जेणेकरून ते २९७ मध्येच मावतं. सिनेमाला काही फरक कळत नाही, पण कॉम्प्युटरची लाल-निळी बारीक अक्षरं फेसाळलेली दिसतात. पायरी २ मध्ये रंगाचं स्वरूप लिहून ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

पायरी ६: टीव्हीचा मेनू आणि पोर्ट तपासा

एकाच टीव्हीच्या प्रत्येक पोर्टची चिठ्ठी वेगळी असू शकते. निदान एक गोष्ट तर वेगळी असतेच, पोर्टचा पत्ता, १.०.०.० किंवा २.०.०.० असा, जो रिमोटने एकमेकांची उपकरणं चालवण्यासाठी लागतो. पण कित्येक टीव्हींत पूर्ण ताकदीचे पोर्ट एक-दोनच असतात, बाकीचे कमी वेगाचे. मॅन्युअलचं ते पान इथे उपयोगी पडतं.

आणि मेनू! पुष्कळ टीव्ही पहिल्यांदा जुन्या सोर्सना सांभाळून घेण्यासाठी मुद्दाम साधी चिठ्ठी देतात. एलजीमध्ये अल्ट्रा एचडी डीप कलर, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, सोनीमध्ये एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटखाली एन्हान्स्ड, अशा नावांचं सेटिंग त्या-त्या पोर्टसाठी चालू केलं की चिठ्ठीच बदलते. चालू केल्यावर ईडीआयडी परत काढा, फरक डोळ्यांनी दिसेल. सोर्सला बदल कळला नाही तर केबल काढून परत लावा.

पायरी ७: आता केबलकडे वळा, आधी नाही

चिठ्ठी बरोबर आहे, ४के ६० लिहिलंय, सोर्स पाठवतोय, आणि स्क्रीन काळी किंवा चांदण्या चमकल्यासारखे ठिपके, तर केबल. कारण चिठ्ठी अगदी सावकाश तारांवरून येते, त्या साधारण १०० किलोहर्ट्झच्या, आणि चित्र वेगळ्या, प्रचंड वेगाच्या तारांवरून जातं, ४के ६० ला एकूण १८ गिगाबिटपर्यंत. सामान्य केबलवरून चिठ्ठी आरामात पोहोचते आणि चित्र धापा टाकतं. उलटंही होतं, चित्राच्या तारा उत्तम पण डीडीसीची एक तार तुटलेली, मग चिठ्ठीच मिळत नाही आणि सोर्स घाबरून १०२४ बाय ७६८ किंवा ६४० बाय ४८० वर जाऊन बसतो. जुन्या व्हीजीए केबलमध्ये तर काही पिना मुळात जोडलेल्याच नसायच्या, त्यामुळे हा प्रकार तिथे फार.

पायरी ८: तरीही जमलं नाही तर चिठ्ठी बदलून द्या

तीन मार्ग आहेत, सोप्यापासून सुरुवात करा.

मधल्या डब्यावर किंवा रिसीव्हरमध्ये ईडीआयडीचं बटण वा मेनू आहे का बघा. माझ्या डब्याच्या तळाला चार छोट्या खिट्ट्या होत्या, स्टिकरखाली झाकलेल्या. एक सरकवली आणि प्रश्न मिटला. प्रोजेक्टर दुसऱ्या पोर्टला टाकूनही मिटला असता.

दुसरा मार्ग सॉफ्टवेअरचा, म्हणजे स्क्रीन काहीही म्हणो, सिस्टिमने माझी फाइल खरी मानायची. विंडोजमध्ये सीआरयू हेच करतं, बदल रजिस्ट्रीत राहतो, स्क्रीनला हात लागत नाही. काही करण्याआधी त्याच्यासोबत येणारं रीसेट-ऑल नावाचं छोटं प्रोग्राम कुठे ठेवलंय ते पाठ करा, काळ्या स्क्रीनवर ते शोधणं ही करमणूक नाही. लिनक्समध्ये थेट जोडून काढलेली फाइल लिब, फर्मवेअर, एडिड या फोल्डरात ठेवून कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) एडिड-फर्मवेअरचा पर्याय द्यायचा. इथला नेहमीचा सापळा म्हणजे ड्रायव्हर इतक्या लवकर सुरू होतो की तोपर्यंत ती फाइल त्याला दिसतच नाही, म्हणून ती इनिटरॅमएफएसमध्येही (सिस्टिम सुरू होताना सगळ्यात आधी उघडणाऱ्या फाइलींच्या गाठोड्यात) घालावी लागते. फाइल हाताने बदलली असेल तर चेकसमही बदला, नाहीतर सगळी मेहनत फुकट. आणि एका पोर्टची फाइल दुसऱ्यासाठी वापरली तर तो पोर्टचा पत्ता चुकतो, चित्र येतं पण रिमोटची गंमत बिघडते.

तिसरा, ईडीआयडी एम्युलेटर, काडेपेटीएवढा डबा जो चांगली चिठ्ठी लक्षात ठेवतो आणि सोर्सला तीच देत राहतो. केव्हीएमने मॉनिटर बदलला की सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात गोळा होतात, किंवा स्क्रीन न लावता कॉम्प्युटर दुरून चालवायचा असतो, तिथे हा फार कामाला येतो. तो सोर्सच्या बाजूला लावायचा, लांब केबलच्या पलीकडच्या टोकाला नाही, नाहीतर केबलची तार तुटकी असेल तर चिठ्ठी तिथूनही पोहोचणार नाही.

चौथा मार्ग मुद्दाम सांगत नाहीये, स्क्रीनच्या मेमरीतच नवा मजकूर लिहिण्याचा. काही मॉनिटरमध्ये तिला कुलूप नसतं आणि ते करणारी टूल्सही मिळतात, पण मधेच वीज गेली किंवा पत्ता चुकला तर ती स्क्रीन पुढे प्रत्येक सोर्सला कचराच वाचून दाखवेल, आणि मूळ फाइल जपून ठेवली नसेल तर परत आणायची कुठून. 'थेट' नावाची ती फाइल तेवढी पुसू नका.